बॉलकडे न बघणारा माणूस

दिगूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नायगावला आमच्या शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने रेषा मारून घेत होतो. फोन खुद्द काकूंचाच होता. "मास्तर, तुमचे काका गेले. दुपारी जेवले, जरा पडतो म्हणले, ते उठलेच न्हाईत." मग म्हणाल्या, "लई सुखानं गेले बघा." खरं सांगतो, आधी बरं वाटलं. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाला त्रास नाही. आणि त्याच्या पाठोपाठ आणखी एक बरं वाटणं आलं, ज्याची मला लाज वाटली. आता काका मला ते विचारणार नाहीत, असं ते होतं. घरी नांदेडला जाताना बसमध्ये लक्षात आलं, की विचारणारा गेला म्हणजे उत्तर देणाराही गेला...

काका औशाचे. एसटीत कंट्रोलर होते. तरुणपणी फुटबॉलचे रेफरी आणि पुढे रेफरींचे परीक्षक. असंही कुणी असतं, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं. रेफरी मैदानावर सगळ्यांचा न्याय करतो, आणि रेफरीचा न्याय करायला एक माणूस कोपऱ्यात कागद घेऊन बसलेला असतो. पाहुण्यांच्या सोफ्यावर काका कधी बसले नाहीत. निळ्या कापडाचं घडीचं स्टूल घरून आणायचे, कॉर्नरच्या झेंड्यामागे मांडायचे आणि खिशातले भाजके शेंगदाणे खात नव्वद मिनिटं फक्त रेफरीकडे बघायचे. बॉलकडे नाही. गोल झाला, मैदान डोक्यावर घेतलं गेलं, तरी यांची मान वळायची नाही. सामना संपला की आम्हा रेफरींनाच विचारायचे, "का रं, कोण जिंकलं?" पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. तर म्हणाले, "बॉलला बघायला हजार माणसं हायत. तुला बघायला मी एकटाच हाय."

त्यांचा दुसरा नियम चहाचा. सामन्यानंतर टपरीवर चहा व्हायचा, आणि तिथे आधी रेफरीने बोलायचं. आपण कुठं उभे होतो, काय दिसलं, कशाची शंका आहे, हे आपल्या तोंडाने सांगायचं, मग काका बोलणार. तुम्ही विषय काढला नाहीत तर तेही काढणार नाहीत. कागदावरचे गुण बंद पाकिटात वर जायचे, पण खरं परीक्षण या चहावर व्हायचं. माझं पळणं, हाताची खूण, शिट्टीचा जोर, सगळं त्यांनी चहावरच सुधारलं. एकदा लातूरला सामना संपल्यावर म्हणाले, "मास्तर, तू कार्ड दाखवताना माफी मागितल्यावानी दाखवतोस. रजेचा अर्ज हाय का तो?" तेव्हा रागच आला होता, पण घरी जाऊन आरशासमोर कार्ड काढायची सवय केली.

मग तो नांदेडचा सामना. व्यावसायिक संघांच्या साखळीतला एक सामना आपल्याकडे ठेवला होता आणि शिट्टी माझ्याकडे आली होती. एक संघ आपला, दुसरा पुण्याकडचा. गर्दी इतकी की लोक पाण्याच्या टँकरवर चढून बसलेले. शेवटच्या दहा मिनिटांत, शून्य-शून्य असताना, आपला एक खेळाडू गोलपुढच्या चौकटीत पडला आणि मी पेनल्टी दिली. गोल झाला, आपण जिंकलो, लोक नाचले. पुण्याचा कोच माझ्यापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "पब्लिकला घाबरलात." शिवी दिली असती तर लाल कार्ड दाखवून मोकळा झालो असतो. हे वाक्य मात्र चिकटून बसलं. मी आठवायला लागलो, की हरवायचोच. मला आधी लोकांचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि मग माझी शिट्टी. जितक्या वेळा आठवलं तितक्या वेळा असंच. मोबाइलवर क्लिप फिरली, तर कुण्या रसिकाने मूळ आवाज काढून टाकून तिच्यावर ढोलताशा चढवलेला!

त्या दिवशी टपरीवर काका आणि मी समोरासमोर बसलो आणि मी काही बोललो नाही. पेनल्टी दिसली म्हणून दिली की लोक ओरडले म्हणून दिली, एवढंच विचारायचं होतं. पण उत्तर "ओरडले म्हणून" असं आलं असतं तर? काकांनी दुसरा चहा सांगितला, तो बशीत ओतून सावकाश प्यायले, आणि उठताना फक्त "कोण जिंकलं?" एवढं विचारलं. पुढच्याच आठवड्यात मी व्यावसायिक सामन्यांच्या यादीतून नाव काढून घेतलं. त्याला नऊ वर्षं झाली. शाळेच्या सामन्यांत शिट्टी वाजवत राहिलो, एवढंच. दर दिवाळीला काकांचा फोन यायचा. बोलणं संपताना म्हणायचे, "काही विचारायचं हाय का?" मी म्हणायचो, न्हाई काका. यंदा लातूरला एका लग्नात भेटले, तिथेही पंगतीत शेजारी बसवून तेच. मी त्यांच्या पानात जिलेबी वाढून विषय टाळला. हट्टी माणूस. आणि मी भित्रा.

तेरावं झाल्यावर औशाला गेलो. काकूंनी एक पिशवी पुढे केली. "ह्या वह्या तुमच्या लोकांच्या हायत. मला त्यातलं काय कळतंय?" सामना चालू असताना काका पेन्सिलने टिपणं काढायचे, त्या लांबट वह्या. नांदेडच्या सामन्याची वही सापडली, पान सापडलं, आणि उघडलेली वही मी दोनदा मिटली. शेवटी वाचलं. "८३ मि. पेनल्टी. फाउल होता का, माहीत नाही. मी रेफरीकडे बघत होतो. तो जवळ होता, मध्ये कुणी नव्हतं. शिट्टी आधी. पब्लिक नंतर." आणि खाली, नंतर कधीतरी, पेनाने लिहिलेलं, "मास्तरने विचारलं नाही."

मी तिथेच, कोपऱ्यातलं ते निळं स्टूल उघडून बसलो. पेनल्टी चुकीची असेलही. ते आता कुणी सांगू शकणार नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. चुकलो असेन, पण माझ्या डोळ्यांनी चुकलो. नऊ वर्षं छातीवर असलेलं ओझं उतरलं आणि डोळे भरून आले, तरी हसूच येत होतं. काकूंनी चहा आणला. म्हटलं, नियम तो नियम. मी कुठं उभा होतो, काय दिसलं, कशाची शंका होती, सगळं काकूंना सांगितलं, पहिल्यापासून, काहीही न गाळता. त्यांनी पदराला हात पुसत सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि मी थांबलो तशा म्हणाल्या,

"बरं... मग कोण जिंकलं?"