हौदा उचलला तर

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सात वर्षं एक लॉरी उभी होती. लॉरी म्हणजे टिपर, मागचा हौदा उचलून मुरूम ओतणारी. नाक लांब, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तरुणपणी याच गाडीवर आधी क्लीनर होते आणि मग ड्रायव्हर झाले. पुणतांब्यापासून राहात्यापर्यंतच्या निम्म्या रस्त्यांखालचा मुरूम आपणच टाकलाय, असं ते आलेल्या पाहुण्याला सांगतात. पाहुणा आला तो रस्ता खड्ड्यांचा असेल, तर तिथला मुरूम दुसऱ्या कुणीतरी टाकलेला असतो.

मालकानं गाडी भंगारात काढली तेव्हा अण्णा ती ट्रॅक्टरला बांधून घरी घेऊन आले. आई दारात उभी होती. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. गाडीवरून नाही, अण्णांवरून.

गाडी लांब आणि शेड आखूड, त्यामुळे हौद्याचा मागचा अर्धा भाग उन्हात राहायचा. त्यात आई मिरच्या आणि कुरडया वाळवायची. पुढच्या, सावलीतल्या भागात कोंबड्या अंडी घालायच्या. अण्णा रोज संध्याकाळी शेतातून आले की गाडीखाली शिरायचे. इंजिन सुरू व्हायलाच पाच वर्षं गेली. ज्या दिवशी ते सुरू झालं त्या दिवशी शेडमध्ये एवढा धूर झाला की शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन धावत आल्या. अण्णांनी त्यांना पेढा दिला.

राहिला होता फक्त हौदा. तो काही केल्या उचलत नव्हता.

इथं माझा संबंध येतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरच्यांना वाटतं की कॉलेजात गेलेल्या माणसाला सगळी यंत्रं येतात. मला सायकलची चेनसुद्धा धड बसवता येत नव्हती, पण तसं सांगायचं धाडस झालं नाही. एकदा अण्णांनी विचारलं, "ह्यो जॅक का दम धरीत न्हाई? तुमच्या पुस्तकात काय म्हंत्यात?" हौदा वर ढकलणाऱ्या तेलाच्या नळकांड्याला ते जॅक म्हणतात. मी बिचकत सांगितलं, "बंद भांड्यातल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो."

अण्णांनी गाडीखालून मान बाहेर काढली. "मंग बराबर हाय. आपल्या जॅकमधून सगळीकडनं सारखंच गळतंय."

श्रावण सरत आला तेव्हा आईनं विषय काढला. तिच्या बचत गटातल्या बायकांनी शेवयांचं यंत्र घ्यायचं ठरवलं होतं. यंत्राला पक्की फरशी हवी, वीज हवी आणि डोक्यावर पत्रा हवा. हे तिन्ही गटातल्या एकाच घरी होतं, आमच्या, आणि तिथं लॉरी उभी होती.

"खंडेनवमीपर्यंत बघते," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "हौदा उचलला तर गाडी ऱ्हाऊ द्या. न्हाई उचलला तर भंगारवाल्याला मी सोता हाक मारनार. सात वर्सं झाली. सात वर्सांत पोरगं बारावी झालं, तुमचा जॅक न्हाई झाला."

अण्णा जेवले, हात धुतला आणि बाहेर जाऊन गाडीच्या नाकावर हात ठेवून उभे राहिले. मी हे पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर मला त्या जॅकची कॉलेजच्या परीक्षेपेक्षा जास्त काळजी वाटायला लागली.

जॅक उघडला. उघडलेले भाग डिझेलमध्ये धुऊन गोणपाटावर मांडायचं काम आई करायची. तोंडानं बडबड चालू आणि हातानं कुरडया घातल्यासारख्या सरळ ओळी. मधूनच विचारायची, "ह्ये काय? ते काय?" अण्णा खूश होऊन सांगत बसायचे. मला वाटायचं, ती टोमणा मारायला विचारतेय.

"ही बोटाएवढी पिन कशाला?" तिनं एकदा विचारलं.

"अगं, तीच तर महत्त्वाची. उतरवायची दांडी आन् तेलाची झडप जोडती ती. ही नसंल तर हौदा वर जाईल, पन खाली यायचा न्हाई."

आई "हं" म्हणाली आणि पुढचा भाग धुवायला घेतला.

दोष चामड्याच्या वॉशरमध्ये निघाला. जॅकच्या आत वाटीच्या आकाराचा वॉशर असतो, तो फाटला होता. तसला वॉशर आता कुठल्याच दुकानात मिळत नाही. मी आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "चामड्याचा? मला फोटो आणून दाखव." मग आम्ही राहात्याच्या बाजारात चामड्याचं काम करणाऱ्या एका आजोबांकडे गेलो. ते पूर्वी विहिरीच्या मोटा शिवायचे, नंतर हापशाचे वॉशर करायचे. त्यांनी फाटका वॉशर हातात घेऊन फिरवून पाहिला.

"लई वर्सं पानी चढवलं ह्या हातांनी," ते म्हणाले. "आता मुरूम चढवायचा म्हना की."

"होईल का बाबा?" अण्णांनी विचारलं.

"व्हईल. पन आठ दिवस करडीच्या तेलात बुडवून ठेवायचा. गाडीचं तेल घालू नका, चामडं रुसतं. आन् घाई करू नका." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ह्यो पोरगा घाई करनाऱ्यातला दिसत न्हाई."

ते कौतुक होतं का, हे मला अजून नक्की माहीत नाही.

करडईचं तेल आमच्या घरात एकाच डब्यात होतं. आईनं आपल्या शेतातली करडई घाण्यावर नेऊन वर्षाचं काढून आणलेलं. आई गटाच्या बैठकीला गेल्यावर अण्णांनी त्यातलं तांब्याभर तेल काढलं, जुन्या पातेल्यात वॉशर बुडवला आणि पातेलं बाजेखाली सरकवलं.

"आनि आईनं विचारलं तर?" मी म्हणालो.

"तू सांग काहीतरी. शिकलेला हायेस."

आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. "तेल कमी कसं झालं रं?"

मी खोटं बोलायला फार कच्चा आहे. माझ्या तोंडून निघालं, "मी डोक्याला लावलं. अभ्यासानं डोकं तापतंय."

"करडीचं? तांब्याभर?"

"हो."

तिनं माझ्या कोरड्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं चोरून कशाला लावायचं? मी लावते की." तिनं मला पाटावर बसवलं आणि ओंजळभर तेल डोक्यात जिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वॉशर आठ दिवस तेलात होता आणि मीपण आठ दिवस तेलात होतो. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसेना. वर्गातल्या पोरांनी विचारलं, "काय रे, थेट कढईतून उठून आलास का?" ड्रॉइंगच्या शीटवर माझ्या कपाळाचा ठसा उमटला आणि सरांनी त्यावर लाल गोल करून प्रश्नचिन्ह काढलं. अण्णा रोज सकाळी हा तेलाचा कार्यक्रम चालू झाला की तोंडावर टॉवेल धरून गोठ्यात जायचे. त्यांचे खांदे हलताना मला दिसायचे.

वॉशर बसला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. हौदा उचलून पाहायचा तर गाडी शेडबाहेर काढायला हवी होती, कारण आत पत्रा आडवा येत होता. अण्णा म्हणाले, उद्या पहाटे उठून उचलू, मग पूजा. आई म्हणाली, "आदी द्येवाचं. मग तुमचं."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात आणि एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. तो दिवस त्यांच्या विश्रांतीचा. आईनं पाटावर विळे, कोयता, कुऱ्हाड ठेवली. अण्णांचे सगळे पाने, पक्कड, हातोडा, एकूण एक मोजून ठेवले. तिनं मला माझा कॅल्क्युलेटर आणायला सांगितला. "तुजंबी हत्यारच की ते," ती म्हणाली आणि त्याला हळदकुंकू लावलं. बेरजेच्या बटणावर अजून कुंकू आहे. मी पुसलं नाही.

अण्णा जरा घुटमळले. "समजा पाना लागला तर?"

"आता कशाला लागंल? दांडीच तर वढायची हाय."

गाडीच्या नाकाला झेंडूची माळ घातली. अण्णांनी ती सुरू केली आणि खळ्यात आणून उभी केली. बातमी आधीच पसरली होती. शेजारचे काका-काकू, गटाच्या चार बायका आणि रस्त्यानं जाणारे दोघं मोटरसायकल लावून उभे. कुणीतरी म्हणालं, "उचलतोय का मोडतोय?" आई पदर खोचून माझ्या शेजारी उभी होती. मी देवाचं नाव घेतलं आणि दाब सगळीकडे सारखा पसरतो तो नियमही मनात म्हटला. म्हटलं, दोघांपैकी कुणीतरी ऐकेल.

अण्णांनी पंपाची दांडी ओढली. गाडी गुरगुरली. काहीच झालं नाही. मग खाली कुठंतरी कुरकुर झाली, हौद्याचं पुढचं टोक चेसिसपासून सुटलं आणि वर जायला लागलं. आधी एक कोंबडी ओरडत बाहेर पडली. मग दोन अंडी घरंगळत येऊन फुटली. मग सात वर्षांचा कुरडयांचा चुरा आणि मिरच्यांचं बी सरसर खाली आलं आणि सगळे शिंकायला लागले. शिंकत शिंकतच लोकांनी टाळ्या वाजवल्या. हौदा पूर्ण उभा राहिला, गुलमोहराच्या शेंड्याइतका उंच. अण्णा खाली उतरले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मिरचीचं बी," ते म्हणाले. सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे त्यांचं खपून गेलं.

"उचलला," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या गाडी." आणि तिनं खरंच हसून गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला. या वेळी गाडीवरूनच.

मग अण्णांनी उतरवायची दांडी ओढली. ती नुसतीच पुढं-मागं हलली. हौदा तसाच.

झडप गाडीच्या खाली, उभ्या हौद्याच्या बरोबर सावलीत. आणि अण्णांचा एक नियम आहे, त्यांनी तो माझ्याकडून लहानपणी शपथेवर वदवून घेतलाय: उचललेल्या हौद्याखाली डोकं घालायचं नाही, खाली सोनं पडलेलं असलं तरी. बाजूनं लांब दांड्याच्या पान्यानं काही जमतंय का, म्हणून ते घराकडे वळले, तर आई उंबऱ्यात उभी.

"हत्यारं पूजेत हायेत."

"अगं, एकच पाना."

"वर्सभर राबत्यात. एक दिवस बसू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळी दहा वाजता टेम्पोतून शेवयांचं यंत्र आलं. मुहूर्त गटानं महिन्यापूर्वीच धरला होता, हे मला आणि अण्णांना तेव्हा कळलं. शेड रिकामी होती. उभ्या हौद्याची गाडी त्यात जाण्याचा प्रश्नच नव्हता. अण्णा पाच मिनिटं रुसून बसले. मग यंत्राचे गिअर उघडे दिसले तसे उठले, पूजेतले पाने काढून आणले आणि यंत्र फरशीवर त्यांनीच बसवलं. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी हौदा दाखवत होते आणि मग यंत्र.

गाडीभोवती आम्ही बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, म्हणजे शेळ्या आणि पोरं खाली जायची नाहीत. बाजारातल्या आजोबांचा वॉशर चांगला होता, पण शेवटी चामडंच. तेल झिरपत हौदा रोज चार बोटं खाली यायचा. अण्णा सकाळी दात घासता घासता तो लांबूनच बोटांनी मापायचे. तुळशीच्या लग्नापर्यंत तो आपोआप खाली बसला. तेव्हाच अण्णा गाडीखाली गेले.

"आरं, दांडीची पिनच न्हाई!" खालून आवाज आला. "म्या सोता बसवली हुती."

"इतकी जुनी गाडी," आई यंत्रात पीठ घालत म्हणाली. "गळून पडली असंल."

अण्णांनी जाड खिळा कापून नवी पिन केली. आता गाडी खळ्यात असते, वर ताडपत्री. हौद्यात गटाच्या शेवया वाळतात, कारण तेवढी स्वच्छ आणि उंच जागा गावात दुसरी नाही. पाहुणे आले की अण्णा ओरडतात, "शेवया काढून घ्या गं, हौदा उचलायचाय," आणि चार बायका टोपल्या घेऊन धावतात.

मागच्या महिन्यात माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. आई शेडमध्ये होती, म्हणून मीच तिचा शिवणाचा डबा उघडला. दोऱ्याच्या रिळांखाली, जुन्या चिंधीत गुंडाळलेली, बोटाएवढी पिन होती. स्वच्छ पुसलेली. गंजू नये म्हणून तिला तेल लावलेलं होतं. मी वास घेतला. करडईचं.

मान वर केली तर आई दारात. हाताला पीठ, चेहऱ्यावर काही नाही.

"काय शोधतोस रं?"

"बटण."

"सापडलं?"

मी पिन चिंधीत गुंडाळली, रिळांखाली होती तशी ठेवली आणि डबा बंद केला. अण्णा बाहेर कुणाला तरी हौदा दाखवत होते. त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता.

"डोकं तापलंय का अभ्यासानं?" आईनं विचारलं. "तेल लावू?"

"नको," मी म्हणालो.