एनोक प्रुइटचा लाल रुमाल

एनोक प्रुइटइतका वाईट स्वार आमच्या अख्ख्या रेजिमेंटमध्ये नव्हता. घोड्यावर पोत्यासारखा बसायचा. पण रुळांपाशी उतरून हातात पहार घेतली, की बघत राहावं! अमेरिकेतल्या यादवी युद्धाआधी अकरा वर्षं तो मिसिसिपीतल्या याच लाइनीवर गँगमन होता. कुठला खिळा सैल आहे, कुठला स्लीपर कुजलाय, हे चालता चालता त्याच्या पायांना कळायचं. आम्ही टेनेसीच्या डोंगरातले, पण उत्तरेच्या बाजूने लढणारे. दक्षिणेचे रूळ उखडायचे, स्लीपर पेटवून त्यावर तापवायचे आणि झाडाभोवती वाकवायचे, हेच आमचं काम.

लाल फडक्याची युक्तीही त्याचीच. "लाल दिसलं की ड्रायव्हर थांबणारच. हाडात मुरलेलं असतं ते," तो म्हणाला होता. मागच्या महिन्यात तसं फडकं दाखवून आम्ही दोन गाड्या थांबवल्या आणि लुटल्या. काय हसलो होतो तेव्हा!

त्या शनिवारी सकाळी आम्ही ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी पोहोचलो. कॅप्टन हॅस्केल म्हणाले, "आज गाडी थांबवायची नाही. आत दोनशे शिपाई आहेत, उतरले तर आपली खांडोळी करतील. प्रुइट, पुलाच्या तोंडाशी खिळे काढ आणि रूळ होता तसाच ठेव. वरून कळता कामा नये."

एनोकचा चेहरा पांढरा पडला. "कॅप्टनसाहेब, शनिवारची गाडी लेम चालवतो. धाकटा भाऊ माझा."

"मग चुकीच्या बाजूला नोकरी धरली त्याने. चल, उरक."

त्याने खिळे काढले. घोडे झाडीत नेऊन बांधले, तेही सारखे कान टवकारत होते. मी त्याला मक्याची भाकरी दिली, ती त्याने हातातच धरून ठेवली.

"जुड, लेम माझ्या पाठीवर बसून ओढा ओलांडायचा. पाण्याला भितो रे तो. अजून भितो."

"गप बस," मी म्हणालो.

थोड्या वेळाने "आडोशाला जाऊन येतो" म्हणून तो गेला. परतला तेव्हा गळ्यातला लाल रुमाल नव्हता. गाडी थांबली तर दोनशे बंदुका आमच्यावर, नाही थांबली तर लेम ओढ्यात. कॅप्टनला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन वर्षं एका तव्यावरचं खाल्लं होतं आम्ही.

"वळणापलीकडे लावलाय, सहाशे पावलांवर, नियमाप्रमाणे," तो कुजबुजला. "थांबेल आणि मागे जाईल. बघच तू."

शिट्टी आली. दोन लांब आणि शेवटी एक थरथरती. "लेमच तो," म्हणत एनोक हसला.

आता वेग कमी व्हायला हवा होता. इंजिनाची धडधड उलट वाढली.

"ब्रेक मार," एनोक पुटपुटला. मग उठूनच उभा राहिला. "अरे, ब्रेक मार ना रे लेम!"

इंजिन वळणातून सुसाट बाहेर आलं. पुलाच्या तोंडाशी रूळ सरकला, आणि इंजिनामागोमाग तीन डबे ओढ्यात गेले.

मागच्या डब्यांतून शिपाई उड्या मारायला लागले. इंजिनावरचा कोळशेवाला काठावर फेकला गेला होता. एनोकने धावत जाऊन त्याची कॉलर धरली. "लाल दिसलं नाही का तुम्हाला?"

"दिसलं की! म्हणून तर... महिनाभर झाला, हुकूम आलाय. रानात लाल दिसलं म्हणजे लुटारू टपलेत, थांबायचं नाही, वेग वाढवायचा. लेम म्हणाला, घट्ट धर." आणि तो पाण्याकडे बघायला लागला.

एनोकने कॉलर सोडली. गोळ्या सुरू झाल्या होत्या, कॅप्टन घोड्यांवर चढायला ओरडत होते. एनोक मात्र रुळांमधून वळणाकडे निघाला, जिथे ते शिपाई होते.

"एनोक! लेका, वेडा झालास का?"

"अर्ध्या तासाने मागून दुसरी गाडी असते," तो न वळता म्हणाला. "तिचा ड्रायव्हरही लाल बघून वेग वाढवेल आणि या डब्यांवर आदळेल. रुमाल काढायला हवा."

दर पावलाला स्लीपरवर नजर टाकत, अकरा वर्षं चालला तसाच तो चालत गेला. मी घोडा वळवला आणि पळालो.