म्हशीनं नेलेलं शेवटचं रीळ

कोल्हापुरातली जुनी थेटरं एकेक करून बंद पडली, याचं दुःख गावातल्या प्रत्येकाला आहे. पण त्यापायी रोज घरात बोलणी खाणारा माणूस मी एकटाच असेन. एका थेटराचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्याच्या जागी पार्किंग. जिथं माणसं एकमेकांच्या खांद्यावरून चालत तिकिटाच्या खिडकीपर्यंत पोचायची, तिथं आता मोटारी दिवसाढवळ्या झोपा काढतात. काढू देत. माझा राग वेगळाच आहे. थेटरं गेली आणि माझ्या बायकोला एका पिक्चरचा शेवट दाखवायचा राहिला तो राहिलाच.

तरुणपणी मी रिळं पोचवायचं काम करत होतो. पिक्चरची पेटी गावात एकच यायची आणि चालवायची दोन थेटरांत. एका थेटरात खेळ अर्धा तास आधी सुरू व्हायचा. तिथलं रीळ संपलं की डब्यात घालायचं, डबा सायकलच्या कॅरिअरला आवळायचा आणि दुसऱ्या थेटरातलं रीळ संपायच्या आत तिथं हजर व्हायचं. मी असा सुटायचो की वळणावर माझी सावली मागं राहायची आणि पुढच्या चौकात धापा टाकत मला गाठायची.

त्या दिवशी तीनच्या खेळाचं शेवटचं रीळ घेऊन निघालो. वाटेत दुधाचा कट्टा. आमच्याकडं सांजेला म्हशी कट्ट्यावर आणतात, डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. म्हटलं, एकच ग्लास. सायकल भिंतीला टेकवली. मिशीवरचा फेस पुसेपर्यंत एका म्हशीनं सायकल लोळवली, डबा उघडला आणि रीळ तिच्या शिंगांत अडकलं. मी बोंब ठोकली, ती बिथरली आणि रंकाळ्याच्या दिशेनं सुटली. तिच्यामागं अख्ख्या पेठेतून पिक्चरचा शेवट उलगडत गेला. लोक दारात उभे राहून फिल्म उन्हाला धरून बघत होते. चौघांनी तर बसायला पाट आणले. मी ती फिल्म उसाच्या मोळीसारखी काखेत मारून थेटरात पोचलो, तोवर तास उलटून गेला होता आणि पब्लिकनं पडदा सोडून फाडण्यासारखं सगळं फाडलं होतं.

त्याच खेळाला कोडोलीची एक मुलगी मावशीबरोबर आली होती. मावशीला घरी जाऊन धारा काढायच्या होत्या. तिनं मुलीचा दंड धरला आणि सहाची एसटी गाठली. वर्षभरानं त्याच मुलीशी माझं लग्न झालं. अंगावरची हळद उतरायच्या आत मी फुशारकीनं म्हशीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही.

“म्हंजे ते तुमी व्हय?”

“मी न्हाय, म्हस.”

“म्हशीला पगार देत हुते काय थेटरवाले? आता शेवट तुमीच दाखवायचा. पडद्यावर.”

पिक्चर पुन्हा लागला तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी. तिसऱ्यांदा लागला तेव्हा घरात गोवर. मग थेटरच बंद. टीव्हीवर लागला की शेवटाला हमखास लाइट जाते, त्याला मी काय करू? आमच्या मुलीनं मोबाईलवर शोधून दिला, तर तिच्या आईसाहेब म्हणाल्या, “दोन मजली हिरॉईन बघितलीया मी. ह्या काड्यापेटीत आता मुंगी बघू?” आणि तिच्याआधी मी एकट्यानं शेवट बघितला असता, तर मला त्या घरात थारा उरला नसता. रिळं पोचवणाऱ्यानं तरी अख्खा पिक्चर कुठं बघितलेला असतो!

गेल्या हिवाळ्यात कळलं की शहराबाहेरच्या मैदानावर ड्राइव्ह-इन सुरू झालंय. मोटारीत बसून जुने पिक्चर बघायचे, आवाज गाडीच्या रेडिओवर. आणि रविवारी नेमका तोच पिक्चर! फक्त अट एक, चारचाकी पाहिजे. माझ्याकडं स्कूटर. ओळखीतल्या सगळ्या मोटारी त्या दिवशी लग्नाला. मेव्हण्याला कोडोलीला फोन केला.

“दाजी, ट्रॅक्टर न्या की. त्याला काय तीन चाकं हायत व्हय?”

बायको मडगार्डवर उशी टाकून बसली आणि आम्ही निघालो. गेटवरच्या पोरगेल्या गार्डनं हात आडवा केला.

“काका, ट्रॅक्टर चालत नाही इथं.”

“मग कोडोलीपास्नं खांद्यावर आणलाय व्हय मी?”

“फक्त चारचाकी गाड्या सोडतो आम्ही.”

“मोज.”

तो बिचारा खरंच मोजायला लागला. बायको वरून म्हणाली, “मोठी दोन, बारकी दोन. झालं? सोड आता, नावं सुरू व्हतील.”

सोडलं, पण मागच्या रांगेत, गेटला चिकटून. मेव्हण्यानं ट्रॅक्टरला बसवलेल्या डेकवर रेडिओ लावला. त्याचा आवाज असा, की त्यानंच उसाला तुरे फुटतात. पिक्चर झकास चालला. बायकोनं मध्यंतरातसुद्धा पडद्यावरची नजर काढली नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचा.

आणि शेवट आला. नायक निघालेला, नायिका दारात येऊन उभी. एवढ्यात पुढच्या मोटारीनं भक्कन दिवे लावले. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. ही आमच्या गावाची जुनी खोड. थेटरातही शेवटची पाच मिनिटं राहिली की लोक उठायचे आणि सायकल स्टँडकडं पळायचे, कारण आधी सायकल काढेल तो शहाणा. आता सायकलींच्या मोटारी झाल्या, शहाणपण तेवढंच राहिलं. पडदा पांढराफेक. नायिका गायब.

“आवो, दिवं बंद करा की! पिक्चर हाय अजून!” बायको ओरडली.

“आजी, संपलाच की,” कुणीतरी काच खाली करून म्हणालं.

“तुला संपला आसंल!”

माझं टाळकं फिरलं. ट्रॅक्टर सुरू केला, गेटात आडवा घातला, बंद केला आणि किल्ली खिशात टाकली. गाड्यांसमोर हात पसरून उभा राहिलो. “दिवं बंद केल्याबिगर एक गाडी सोडणार न्हाय!”

काय ते हॉर्न! काय त्या शिव्या! पण एकेक दिवा विझत गेला. माझी नजर गाड्यांवर होती, पडद्यावर नाही. बायको मडगार्डवर उभी राहून बघत होती. मिनिटभरानं तिचा आवाज आला.

“काय म्हणाली वो ती?”

“मला काय ठावं?”

“तिनं तोंड उघडलं, कायतरी बोलली आन् त्यो माघारी फिरला. काय बोलली? डेक का बंद केलासा?”

डेक ट्रॅक्टरच्या किल्लीवर चालतो. किल्ली माझ्या खिशात होती.

ती खाली उतरली, पदर खोचला आणि गेटात जाऊन उभी राहिली.

“ट्रॅक्टर मागं घ्या. एक गाडी जाईल एवढाच.”

मी घेतला. पहिल्या मोटारीच्या काचेवर तिनं टकटक केली. “पावणं, शेवटाला काय म्हणाली ती?”

पाहुण्याचा रेडिओ केव्हाच बंद होता. दुसरा फोनवर बोलत होता. तिसऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदाच विचार केल्यासारखं तोंड केलं आणि आपल्या बायकोला विचारलं. त्याची बायको झोपली होती.

“म्होरली,” आमची बायको म्हणाली.

मागं अजून तीसेक गाड्या होत्या.