छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी

माझी जसिंता जन्मली तेव्हा सुईणीने तिला फडक्यात घट्ट गुंडाळूनच माझ्याजवळ दिलं. मी फडकं सोडायला लागले तसा तिने माझा हात धरला. "आधी तोंड बघ," ती म्हणाली. मी तोंड बघितलं. गोड होतं, अगदी तिच्या बाबांसारखं. मग पाय बघितले. दोन्ही पावलं आतल्या बाजूला वळलेली होती, तळवे एकमेकांसमोर. त्या दिवसापासून बरेच महिने मी जपमाळ हातात घ्यायची ती फक्त सासूबाईंना दिसावी म्हणून. ओठ हलायचे, मन हलायचं नाही. लहानपणापासून मरियामायेच्या सणाला मी आमच्या वाडीतली अबोली, मोगरा परडी भरभरून वाहिला होता. त्या फुलांच्या बदल्यात काही मिळेल असं मी कधी मनात आणलं नव्हतं, पण असं मिळेल हेही आणलं नव्हतं. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिथे मूर्तीसमोर बसले की मायेच्या कडेवरच्या बाळाची सरळ, गोरी पावलं तेवढी डोळ्यांत भरायची, आणि मी मान खाली घालायची.

माझे यजमान बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा घरी यायचे. घरात मी, सासूबाई आणि वसईतल्या होळी गावाजवळची आमची केळीची, फुलांची वाडी. गावातल्या सगळ्यांनी सांगितलं, वाढता वाढता पाय सरळ होतील. ते झाले नाहीत. जसिंता उभी राहायला लागली ती पावलांच्या कडांवर, आणि चार पावलं टाकली की बसायची. मग कोणीतरी सांगितलं की विरारला सिस्टर लोकांच्या दवाखान्यात दर शनिवारी मुंबईहून हाडांचे डॉक्टर येतात. मी तिला घेऊन गेले. डॉक्टरांनी तिची पावलं हातात घेऊन हळूहळू वळवून पाहिली आणि म्हणाले, "उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. दर आठवड्याला प्लास्टर बदलायचं. थोडं थोडं सरळ करत न्यायचं. एक शनिवार चुकवलात तर पाऊल मागे फिरेल. आणि प्लास्टर भिजू द्यायचं नाही."

सांगणं सोपं होतं. दोन्ही पायांना मांडीपर्यंत प्लास्टर घातलेलं पोर कडेवर बसत नाही. ते प्लास्टर बरगडीत रुततं. खांद्यावर घ्यावं तर पाय लाकडासारखे पुढे येतात आणि एसटीतल्या माणसांना लागतात. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर माझी कंबर अशी धरली की वाडीत पाणी लावायला वाकता येईना. माझी नणंद तेव्हा कुवेतला नर्स होती. तिला कळलं तशी ती सुट्टीवर येताना एक बाबागाडी घेऊन आली. निळ्या पट्ट्यांचं कापड, छोटी छोटी चाकं आणि वर छत्रीच्या मुठीसारखे वळवलेले दोन दांडे. मागचा खटका पायाने दाबला की सगळी गाडी छत्रीसारखी मिटायची आणि काखेत मावायची. आमच्या गावात तसलं काही कोणी पाहिलं नव्हतं. पोरं मागे धावायची. सासूबाई मात्र म्हणाल्या, "कशाला गो असली सोंगं? लोक म्हणतील, हिला पोर उचलायला जड झालं." माझी काळजी वेगळीच होती. मला माहीत होतं की बाबागाडी रस्त्यावर ढकलणं सोपं, पण एसटी आली की एका हाताने पोर उचलायचं, दुसऱ्या हाताने गाडी मिटायची आणि चढायला दांडा धरायचा, तो तिसरा हात कुठून आणायचा?

म्हणून मी अंगणात सराव केला. वाडीतला एक मोठा लाल भोपळा कडेवर घ्यायची, पायाने खटका दाबायची, गुडघ्याने गाडी मिटवून काखेत घ्यायची आणि ओट्याच्या पायऱ्या चढायची. शेजारणी कुंपणावरून हसायच्या. भोपळा दोनदा पडला, त्याची आम्ही भाजी केली. पण आठवड्याभरात माझा हात असा बसला की एसटी वळणावर दिसली रे दिसली की ती थांबेपर्यंत माझी गाडी मिटलेली असायची आणि पोर खांद्यावर. आजही हे लिहिताना मला त्याचा अभिमान वाटतो. नवे कंडक्टर हटकायचे. एक म्हणाला, "ही छत्री आहे की गाडी? टपावर टाका." मी म्हटलं, "भाऊ, छत्री टपावर टाकतात का कुठे?" सगळी एसटी हसली आणि तोही हसला. पुढे पुढे तो मला बघितलं की दारातल्या लोकांना सांगायचा, "सरका, छत्रीवाल्या बाई आल्या."

असे पावसाळ्यातले किती शनिवार गेले ते मी मोजले नाहीत. पावलं खरोखर सरळ होत होती. दर वेळी प्लास्टर कापलं की डॉक्टर मला बोलवून दाखवायचे. मग एका शनिवारी ते म्हणाले, "पुढच्या वेळी शेवटचं काढू आणि बुटांचं माप घेऊ. पण नक्की या. त्यानंतर मी काही महिने परदेशी जातोय." मरियामायेच्या सणाची नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना, तेव्हा सुरू होती. सासूबाई रोज देवळात जायच्या. मी आपली वाडीतलं काम पुढे करून घरी राहायची.

तो शनिवार उजाडला तेव्हा तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, आज नको. मी निघाले. एसटीत गर्दी होती. चढताना माझ्या मिटलेल्या गाडीचं चाक एका कोळणीच्या लुगड्यात अडकलं आणि टर्रकन काठ फाटला. ती अंगाने दांडगी, पायाशी मासळीची पाटी. "ए बाय, ह्या तुजा लोखंड सांबाल ना! नवा लुगरा हाय माजा," ती अशी ओरडली की जसिंता रडायला लागली. मी माफी मागितली. ती तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसली आणि थोड्या वेळाने डोळे मिटून घेतले. मनातून मी शरमले होते आणि चिडलेही होते. मला वाटलं, आज दिवसच असा आहे.

सोपारा सोडून थोडं पुढे गेल्यावर एसटी थांबली. पुढच्या ओढ्याच्या मोरीवरून पाणी वाहत होतं, रस्ता दिसत नव्हता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि सांगितलं, गाडी पुढे जाणार नाही. लोक उतरले. काही जण सोपाऱ्याकडे परत चालू लागले, काही धोतरं, पँटी वर खोचून पाण्यातून पलीकडे गेले. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत येत होतं. मी रस्त्याच्या कडेला गाडी उघडून जसिंताला बसवलं, तिच्या पायांवर माझा पदर आणि वर छत्री धरली आणि उभी राहिले. कडेवर घेऊन जावं तर वाहत्या पाण्यात तोल जाईल. गाडी ढकलावी तर चाकं बुडतील आणि प्लास्टर भिजेल. मागे फिरावं तर डॉक्टर जातील. इतक्या महिन्यांत प्रत्येक अडचणीला मी काहीतरी युक्ती काढली होती. त्या वेळी एकही सुचली नाही. मी डोळे मिटले. प्रार्थनेचे शब्दही आठवेनात. एवढंच म्हटलं, "माये, माझं सगळं करून संपलं. पोर तुझीच आहे. आता तू बघ." आणि खरं सांगते, म्हटल्याबरोबर इतक्या महिन्यांचा छातीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. पाणी तेवढंच होतं, पाऊस तसाच होता. पण मला भीती वाटेनाशी झाली.

"उबी काय रायलीस? दवाखान्यात जायाचं ना पोरीला?"

ती कोळीण माझ्या मागे उभी होती. मी मान हलवली. तिने पाटीवरचं मोठं प्लास्टिक ओढून काढलं, पावसातच झटकलं आणि मला काही विचारायच्या आत जसिंताच्या दोन्ही पायांभोवती कमरेपर्यंत गुंडाळून वर सुतळी बांधली. मग पाटी उचलून एसटीच्या पायरीवर ठेवली आणि कंडक्टरला म्हणाली, "दादा, माज्या पाटीवर नजर ठेव."

"मी मासळी राखू?" कंडक्टर म्हणाला.

"खाऊ नको म्हंजे झालं."

मग तिने गाडीची पुढची बाजू धरली, मी मागचे दोन दांडे धरले. "उचल," ती म्हणाली. आम्ही जसिंतासकट ती बाबागाडी उचलली, पार छातीपर्यंत, आणि पाण्यात उतरलो. ती पुढे, उलटी चालत, पायाने रस्ता चाचपत. मी मागे. "डावीकडं सरक. आता सरल ये. पानी बगू नको, माज्या तोंडाकडं बग." पाणी ओढत होतं. मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. आणि जसिंता, जी इतका वेळ रडत होती, ती उंचावरून सगळ्यांकडे बघून हसायला लागली. सणाच्या मिरवणुकीत खांद्यांवरून मूर्ती जाते ना, तशी माझी पोर त्या पाण्यावरून गेली.

पलीकडे आम्ही गाडी खाली ठेवली. मला वाटलं, ती आता परत फिरेल. पण "चल, पोचवते," म्हणून ती दवाखान्यापर्यंत आली, वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यावर गाडीची पुढची बाजू उचलत. डॉक्टर बॅग भरत होते. आम्हाला बघून त्यांनी बॅग पुन्हा उघडली. प्लास्टिक सोडलं तसा सगळ्या खोलीत मासळीचा वास पसरला. सिस्टरने नाकाला रुमाल लावला, डॉक्टर मात्र हसले. प्लास्टर कोरडं होतं, अगदी कोरडं. ते कापून काढलं आणि माझ्या मुलीची दोन्ही पावलं त्या टेबलावर सरळ उभी राहिली. मी त्यांना हात लावला, तळव्यावर, टाचेवर, एकेका बोटावर. मला रडू आलं नाही. इतका आनंद झाला की रडायचं राहूनच गेलं.

बाहेर आले तर ती व्हरांड्यात बसून लुगडं पिळत होती. "झाला सरल?" तिने विचारलं. मी जसिंताला तिच्या मांडीवर दिलं. तिने पावलं आपल्या खरखरीत हातांत धरून नीट पाहिली, मग विरारच्या डोंगरावरच्या देवीकडे तोंड करून हात जोडले. म्हणाली, "काय सांगू बाय, मी सोपाऱ्याला उतरनार व्हते, बाजारात. इतकी वर्सं ह्या एसटीनं जाते, कदी डोला लागला नाय. आज असा लागला का सोपारा गेलेला कलला नाय. उतरले तं तू उबी." मी म्हटलं, मी तेव्हा मरियामायेला हाक मारली होती. तिला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही. "तुजी आय काय, माजी आय काय, बायाच ना दोगी. लेकराचं दुकनं त्यांना कलतं." तिचा त्या दिवसाचा बाजार बुडाला होता. मी काही देऊ केलं तर तिने माझा हात बाजूला सारला. नंतर सणाला मी तिच्या घरी शोधत गेले, केळ्यांचा एक अख्खा घड घेऊन. तो मात्र तिने घेतला आणि जाताना मला ताजे पापलेट बांधून दिले. आमचं येणं-जाणं ती असेपर्यंत राहिलं. जसिंता तिला कोळीआय म्हणायची.

ती झोप तिला कोणी लावली यावर मी कधी कोणाशी वाद घातला नाही. फादरांनी एकदा विचारलं तेव्हाही जे झालं तेवढंच सांगितलं. मला एवढं कळलं की माझ्या अंगात जेवढी शक्ती होती ती सगळी मी वापरली होती, आणि ते मी बरंच केलं. त्यापुढचं मी ज्या क्षणी मायेच्या ओटीत टाकलं त्या क्षणी मागे कोणीतरी उभं होतं, आणि जिचं लुगडं तासाभरापूर्वी माझ्या गाडीत फाटलं होतं तीच ती बाई होती. कृपा कोणाचं तोंड घेऊन येईल हे आपण ठरवायचं नसतं. आली की तिला गाडीची पुढची बाजू धरू द्यायची. रोज संध्याकाळी जपमाळ घेते तेव्हा आता मन आधी हलतं, ओठ मागून.

बूट आले. जसिंता घरात चालली, अंगणात चालली, वाडीतल्या पाटाच्या कडेने चालली. एका सकाळी देवळातून सरळ वसईच्या बाजाराला जायचं म्हणून आम्ही थांब्यावर उभ्या होतो. एसटी आली. पहिली पायरी तिच्या कमरेएवढी उंच. मी सवयीने तिला उचलायला वाकले, तर ती म्हणाली, "नको. मी." मागे लोक होते. कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात काढला आणि वाट बघत उभा राहिला. तिने दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पाऊल वर ठेवलं, नीट, पूर्ण तळवा टेकवून, मग दुसरं. मी पुढे केलेला हात मागे घेतला.