ओल्या सारवणावरची अक्षरं

आमच्या उत्तरेश्वरला कुनी आळशी म्हणलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती. धाकटा भाऊ हाय माझा. गावच्या दूध संस्थेत दूध घ्यायचं, फॅट काढायची, कुनाची म्हैस आटली, कुनाला पेंड पायजे, समदं त्याला तोंडपाठ. बोलाय लागला तर नांदूरघाटच्या बाजारातली मानसं पिशव्या खाली ठेवून ऐकत्यात. पण हातात पेन आला की गडी घामानं निथळतो. एक ओळ लिवायची तर अक्षरं उलटीपालटी, काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं. म्हणून हा पठ्ठ्या बोटाला चिंधी बांधून फिरायचा. "दादा, तुमीच लिवा, बोट कापलंय." बारा महिने बोट कापलेलं! एकदा तर चिंधी डाव्या हाताला बांधून गेलता, तरी कुनाच्या ध्यानात आलं न्हाई.

त्या साली पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाला, आणि जनावरांसाठी संस्थेनं चारा आणायचं ठरवलं. त्यातच जुने सचिव पोराकडं पुण्याला गेले. संस्थेचे चेअरमन भगवानराव म्हणले, "अबे उत्तऱ्या, तुलाच सचिव करतो. सोमवारी चारावाटपाची सूचना फळ्यावर तू सोता लिव, मेंबरांसमोर. मंग नोकरी पक्की."

नोकरी पक्की झाली असती तर त्याचं आन् त्याच्या बायकोचं ऊस तोडायला जानं कायमचं सुटलं असतं. नाहीतर संस्थेतलं कच्चं काम सोडून दिवाळी झाली की हायेच, बिऱ्हाड ट्रकमधी टाकायचं आन् चालू लागायचं.

मला गावातच दिलेली. हा तडक माझ्या दारात आला, खडू भिंतीवर फेकून मारला. "अक्के, चिंधी बांधून न्हाई भागायचं आता!"

मी म्हणलं, "माझ्यावर कावून, कशापायी ओरडतो रं? मी केलंय का तुझं हे?"

मी न्हाई केलं. कुनी केलं ते ऐका.

आमचे आप्पा आन् माय ऊस तोडायला जायचे. फडावर नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणत्यात. आप्पांनी तोडायचं, मायनं मोळ्या बांधायच्या. एकट्याला मुकादम घेतच न्हाई. उत्तरेश्वरला लिवायला येईना, तर गुरुजींनी ठरवून टाकलं, ऊसतोडीपायी शाळा बुडती म्हणून पोरगं ढ राह्यलं. मायच्या मनानं घेतलं. ती म्हणली, मी पोराजवळ ऱ्हाते. मंग मोळ्या कोन बांधनार? मी. सातवीत होते, वर्गात पहिली. दप्तर खुटीला अडकवलं आन् आप्पांसंगं ट्रकमधी बसले. कुनी मला विचारलं सुदीक न्हाई.

त्याच्या आधी मीच त्याला शिकवत होते. माय अंगण सारवायची, ते वाळायच्या आत मी त्याचं बोट धरून सारवणावर अक्षर गिरवून घ्यायची. हातभर मोठं. मोडायचं, परत काढायचं. पाटीवर न येनारं अक्षर त्याला शेणात यायचं. मी गेले आन् ते बंद पडलं. माय बिचारी अंगठा लावनारी. ती त्याला रोज शाळेत न्यायची, आन् हा तळहातावर वळ घेऊन घरी यायचा. मायनं हंगाम सोडला, मी शाळा सोडली, आन् अक्षर काय आलं न्हाई ते न्हाईच.

आता सोमवारच्या धास्तीनं तो अंबाजोगाईच्या दवाखान्यात डोळे तपासायला गेला. वाटलं, चष्म्यानं भागेल. डोळे ठणठणीत निघाले. तिथल्या एका डॉक्टरीणबाईनं मातर त्याच्याकडून लिवून घेतलं आन् सांगितलं, अक्षरं अशी उलटीपालटी व्हत्यात, याला डिस्लेक्सिया म्हणत्यात. रोगाचं नावच असलं, की ज्याला हाय त्याला ते नाव जल्मात लिवता येनार न्हाई! बाई म्हणल्या, रोग न्हाई हा, जल्मापासनं असतं. डोकं चांगलं हाय. शाळा बुडल्यानं झालेलं न्हाई. मोठं अक्षर हातानं गिरवून, सावकाश शिकवावं लागतं.

हे त्यानं मायच्या घरी सांगितलं तवा मी तिथंच होते. माझं टाळकंच फिरलं. "मंग मला कावून धाडलं गं फडावर? कावून?" माय तांदूळ निवडीत होती. ती खडे वेचतच ऱ्हायली.

मी रागारागात शेण आणलं. टँकरच्या पाण्याची अर्धी घागर त्यात ओतली. शेजारीण वरडली, प्यायला पानी न्हाई आन् ही सारवाय बसली! म्हणलं, बोंबल. कमी पडलं तवा मायनं आपली अंघोळीची बादली आणून ठेवली. उत्तरेश्वर मांडी घालून बसला. एवढा थोरला बाप्या, शेणात बोट घालून 'चारा' गिरवू लागला, मंग सूचनेतला एकेक शब्द. चिडायचा, उठायचा, शिव्या द्यायचा, परत बसायचा.

सोमवारी संस्थेसमोर ही गर्दी. चिंधी न बांधता तो फळ्याजवळ गेला. मोठमोठं अक्षर काढायला लागला, सारवणावर काढायचा तसंच. एक अक्षर, मंग थांबायचं, मंग दुसरं. मागं किटल्या वाजाय लागल्या. कुनीतरी फिदीफिदी हसलं. भगवानराव म्हणले, "अबे, तुझं लिवून होईस्तोवर जनावरं मरतील की."

त्यानं पुसलं न्हाई, पळाला न्हाई. सूचना पुरी केली. एक चूक न्हाई! मंग वळून म्हणला, "साहेब, ऊस तोडाय दोन मानसं लागत्यात तवा कुनी हसत न्हाई. मला लिवायला एक मानूस जास्त लागतं. माझी अक्का हाय. बाकी समदं मी करतो. हसता कावून?"

मागच्यांनी किटल्या खाली ठेवल्या. मला वाटलं, जमलं.

भगवानरावांनी खडू त्याच्या हातातनं घेतला. "हा फड न्हाई, संस्था हाय. सचिव एकच असतो." आन् खडू आपल्या पुतण्याला दिला.

घरी आलो. उत्तरेश्वरनं कोयता काढला आन् धार लावाय बसला. दिवाळी तोंडावर आलती.

माय उंबऱ्यात बसलेली. म्हणली, "अंजे, मी राह्यले त्याच्यापाशी. पर त्याला मी न्हाई, तू लागत हुतीस."

"आता सांगतीस व्हय, माय? आता?" एवढंच तोंडातनं निघालं, आन् मी तिथंच तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यांदा रडले.