तिसरी बायको रुईची

दोन बायका गेलेल्या माणसाला तिसरी थेट करता येत नाही. ती जगत नाही म्हणे. म्हणून आधी रुईच्या झुडपाशी लग्न लावायचं, मरण रुईच्या माथी मारायचं आणि खऱ्या बाईला चौथी म्हणून घरात घ्यायचं. हा अडाणीपणा हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर शोरूम असलेल्या, विमानाने काशीला जाणाऱ्या घरात चालला होता. नवरदेव पन्नाशीचा. त्याच्या दोन्ही बायका वेळेवर दवाखान्यात न नेल्यामुळे गेल्या, हे जुन्या हुबळीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौथी होणार होती माझी चुलतबहीण. तिची चाळिशी उलटली म्हणून काकांनी डोळे मिटून होकार दिलेला. मी विरोध केला तर म्हणाले, "तू आपली झाडं शिकव."

आणि झाडासाठीच मला सप्तापूरहून नवरदेवाकडच्यांचं बोलावणं आलं. बहिणीला स्कूटरवर मागे बसवून गेले. मोकळ्या प्लॉटमध्ये रुईची दोन झुडपं शेजारी शेजारी, दोन्हींवर जांभळट फुलं. पौरोहित्यात जन्म घालवलेल्या भटजींना ठरवता येईना.

"मॅडम, ह्यातली खरी एक्की कुठली, तेवढं सांगा की."

एक्की म्हणजे रुईच; त्यात खरी-खोटी कसली? दोन्ही रुईच, फक्त जाती वेगळ्या. पण विषय निघाला की माझी जीभ थांबत नाही. हिची कळी लांबट, उमलली की पाकळ्या पसरून मागे वळतात. तिची कळी गोल, पाकळ्या उभ्याच, जांभळा रंग टोकापुरता.

मग काय, धोतरं सावरत भटजी आणि नवरदेवाकडचे सगळे वाकले. सगळ्यांत जास्त नवरदेव. त्याने खिशातला चष्मा लावला, कळी बोटांत धरली, चीक लागला तरी सोडली नाही.

"नीट बघून सांगा हं, चूक नको," तो मला पुन्हा पुन्हा बजावत होता. मला त्या वाकलेल्या पाठीची किळस आली.

बहीण हाराची पिशवी घेऊन पुढे आली. तिने त्याला सरळ विचारलं, "तुमच्या पहिल्या मंडळींना काय झालं होतं?"

"कावीळ."

"डोळे पिवळे झाले असतील की."

"झाले असतील," कळीवरची नजर न काढता तो म्हणाला. "एवढं निरखून कोण बघतंय?"

बहिणीने हातातली हाराची पिशवी भटजींकडे दिली.

"अक्का," ती मला म्हणाली, "गाडी काढ."