पुढं सरका

मोडनिंबच्या एसटीत वीस वर्षं कंडक्टरकी केलेला ईश्वर सरवदे नाटक बसवायला शिकला, तो दहा दिवसांच्या शिबिरात. सोलापुरात परतला तो ‘रंगावकाश’ हा भारदस्त शब्द घेऊन. अर्थ बहुधा शिबिरातच विसरला. तालमीत दोन दिवस त्यानं तोच शब्द उगाळला. नटमंडळी नेपथ्यातल्या दारापाशी घोळका करून ऐकत राहिली. शेवटी आईचं काम करणारी भीमाबाई म्हणाली, “सर, उभं कुटं ऱ्हायचं तेवढं सांगा की.”

ईश्वरचं डोकं फिरलं. “दारात गर्दी करू नका, पुढं सरका, मदी जागा हाय,” तो खेकसला. क्षणात रंगमंच नीट भरला.

स्पर्धेत परीक्षकांनी त्याच्या रंगावकाशाच्या, म्हणजे रंगमंचावरच्या जागेच्या, जाणिवेला बक्षीस दिलं. ईश्वरनं शिबिराच्या गुरुजींचे आभार मानले. मोडनिंबच्या गाडीचं नावही काढलं नाही.